धंद्याची गाडी आणि इंजिनचे तेल

आपल्यातील असंख्य लहान व्यापाऱ्यांचा आणि कारागिरांचा धंदा आज चाकांवर उभा आहे. मालेगाव-भिवंडीचा कापडवाला असो, रत्नागिरी-चिपळूणकडचा मासळीचा किंवा आंब्याचा व्यापारी असो, फर्निचरचे काम घेणारा सुतार असो की लग्नाच्या जेवणाचे डेग पोहोचविणारा आचारी असो, प्रत्येकाच्या दारात एखादी ओम्नी, ईको, बोलेरो पिकअप किंवा ज्याला आपण 'छोटा हत्ती' म्हणतो तो टेम्पो उभा असतो. ही गाडी चैनीची वस्तू नव्हे. ती भांडवल आहे. अनेकांनी ती व्याजाच्या भानगडीत न पडता, भिशी लावून, घरातले दागिने मोडून किंवा नातेवाइकांकडून कर्जे हसना घेऊन उभी केलेली असते.

अशा गाडीचे इंजिन एक दिवस रस्त्यात जाम होते. गॅरेजवाला उस्ताद इंजिन उघडून सांगतो, "शेठ, ऑइलच नव्हतं." मग तीस-चाळीस हजारांचे काम निघते, मोठ्या डिझेल गाडीला त्याहून बरेच जास्त, आणि गाडी पंधरा दिवस उभी राहते. गिऱ्हाईक तोवर दुसऱ्याकडे वळते. व्याजापासून जो माणूस आयुष्यभर दूर राहिला, तो नेमका अशा वेळी सावकाराच्या दारात उभा राहतो. आणि हे सारे कशापायी? तीन-चारशे रुपयांचे लिटरभर तेल वेळेवर घातले नाही म्हणून! म्हणूनच या विषयावर सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

तेल इंजिनात काय करते?

तेल म्हणजे फक्त 'चिकटपणा' अशी समजूत असते. प्रत्यक्षात इंजिनातील तेलाला चार-पाच कामे एकाच वेळी करावी लागतात. गाडी मध्यम वेगाने चालत असताना क्रँकशाफ्ट मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे, म्हणजे सेकंदाला पन्नास फेरे घेतो. हा शाफ्ट ज्या बेअरिंग शेलमध्ये फिरतो त्या शेलला तो सुस्थितीतील इंजिनात जवळजवळ टेकतच नाही. दोहोंच्या मध्ये मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका तेलाचा पातळ पडदा असतो आणि त्या पडद्यावर शाफ्ट तरंगतो. पडदा फाटला की लोखंडाला लोखंड घासते, शेल वितळू लागतो आणि काही क्षणांत शाफ्ट पकडला जातो. यालाच आपण इंजिन जाम झाले किंवा सीज झाले असे म्हणतो.

दुसरे काम थंडाव्याचे. रेडिएटरचे पाणी सिलिंडरच्या भोवती आणि हेडमध्ये फिरते, पण पिस्टनच्या खालच्या बाजूपर्यंत किंवा क्रँकच्या बेअरिंगपर्यंत ते पोहोचत नाही. तिथली उष्णता तेलच वाहून नेते. याखेरीज काजळी व बारीक कचरा स्वतःत धरून ठेवून फिल्टरपर्यंत नेणे, रिंग आणि सिलिंडर यांच्यामधील फट भरून दाब टिकविणे, आतील भागांना गंज लागू न देणे हीही कामे तेलाकडेच आहेत. चेंबरमध्ये तीन लिटरच्या जागी दोनच लिटर तेल असेल तर ती सारी कामे दोन लिटरने करायची. प्रत्येक थेंबाला जास्त फेऱ्या पडतात, तेल जास्त तापते, पातळ होते आणि लवकर खराब होते. तेव्हा "थोडे कमी असले तर काय बिघडते?" हा प्रश्नच चुकीचा आहे. कमी तेल हे कमी दिवस टिकणारे तेल असते.

घाटात तर हा हिशेब आणखी कडक होतो. चेंबरच्या तळाशी जाळीची एक नळी असते, तिच्यातून पंप तेल ओढतो. सपाट रस्त्यावर तेल कमी असले तरी नळीचे तोंड बुडालेले राहते. पण माल भरून आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट चढताना गाडी मागे कलते, वळणावर तेल एका बाजूला सरकते, ब्रेक मारला की पुढे धावते. त्या क्षणी नळीचे तोंड उघडे पडले तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो. गावात महिनोन् महिने बिनतक्रार चाललेली गाडी नेमकी घाटातच का बसते, याचे एक कारण हे आहे.

दहा हजार किलोमीटरची फसवी खात्री

नव्या गाड्यांची सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटरला एकदा करतात. त्यामुळे मालकाची अशी खात्री होते की दहा हजारपर्यंत तेलाकडे बघायचे कारण नाही. आता साधा व्यापारी हिशेब मांडा. छोट्या इंजिनात साधारण तीन लिटर तेल मावते. इंजिन थोडे जुने झाले आणि दर हजार किलोमीटरला २५० मिलिलिटर, म्हणजे पाव लिटर तेल खाऊ लागले, तर दहा हजार किलोमीटरमध्ये अडीच लिटर संपते. म्हणजे सर्व्हिसिंगला नेताना चेंबरमध्ये अर्धा लिटर उरायला हवे. अर्थात इंजिन तेवढी वाट पाहत नाही.

पाव लिटर हा काही मोठा आकडा नव्हे. अनेक मोटार कंपन्या तर हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटरपर्यंतचा खप आपल्या नियमात बसणारा मानतात आणि तेवढ्यावर वॉरंटीत इंजिन उघडून देत नाहीत. तेल थोडे खपणे हा दोष नाही, प्रत्येक इंजिन थोडे तरी खातेच. ते किती खाते हे मालकाला ठाऊक नसणे हा मात्र दोष आहे. ज्या दुकानदाराला कपाटातल्या शेवटच्या थानाचा हिशेब तोंडपाठ असतो, त्याला स्वतःच्या गाडीच्या चेंबरमधले तेल माहीत नसते, ही गंमतच म्हणायची.

लाल दिव्याचा गैरसमज

डॅशबोर्डवर तेलाच्या चंबूचे चित्र असलेला लाल दिवा असतो. "दिवा लागत नाही म्हणजे तेल आहे," असे ड्रायव्हर मंडळी बेधडक सांगतात. हे साफ चूक आहे. बहुतेक गाड्यांत हा दिवा तेलाची पातळी मोजत नाही, तो तेलाचा दाब मोजतो. पंपाला जोवर ओढायला तेल मिळते तोवर दाब राहतो आणि दिवा विझलेला राहतो, मग चेंबरमध्ये एक लिटर का उरलेले असेना. दिवा पेटतो तेव्हा बेअरिंगपर्यंत तेल पोहोचणे थांबलेले असते. म्हणून चालत्या गाडीत हा दिवा लागला, किंवा वळणावर एकदा लुकलुकला, तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ, वस्ती आली की बघू, असा विचार करू नये. गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन तत्काळ बंद करावे. टोचन लावून गाडी नेण्याचे भाडे इंजिनच्या कामापेक्षा कितीतरी कमी असते.

काही नव्या गाड्यांत पातळी कमी झाल्याचा वेगळा पिवळा दिवा असतो. तुमच्या गाडीत कोणता आहे ते माहितीपुस्तकात पाहून ठेवावे. ते पुस्तक बहुधा डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकसकट पडलेले असते.

गेज कसे पाहावे

मुंबईच्या रस्त्यांवरची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये नोंदणीची मुदत संपून इतिहासजमा झाली. त्या पिढीचे टॅक्सीवाले सकाळी बॉनेट उघडून पाणी आणि ऑइल बघितल्याशिवाय पहिले भाडे घेत नसत. नवी इंजिने कमी कुरकुर करतात म्हणून ही सवय गेली. ओम्नी, ईको आणि छोट्या टेम्पोत आणखी एक अडचण आहे. त्यांचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीटवर सामान, चटई, डबा, पाण्याची बाटली. ते सारे उचलून सीट वर करायचा कंटाळा येतो आणि गेज महिनोन् महिने जागचे हलत नाही.

रीत अशी आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी. उतारावर किंवा एक चाक फुटपाथवर चढवून पाहिलेले गेज खोटे सांगते. इंजिन चालून गरम झालेले असेल तर बंद करून पाच ते दहा मिनिटे थांबावे, कारण चालत्या इंजिनातील बरेच तेल वर हेडमध्ये आणि नळ्यांमध्ये असते. ते खाली उतरण्यापूर्वी पाहिले तर पातळी कमी दिसते. पेट्रोल पंपावर नेमके हेच घडते. गाडी थांबल्या थांबल्या पोरगा गेज ओढतो, "ऑइल कम है" म्हणतो आणि मालक डबा विकत घेतो. गेज पूर्ण आत न ढकलता काढले तरी कमीच दिसते, ही युक्ती माहीत असणारेही काही जण असतात. सबब दुसऱ्याने ओढलेल्या गेजवर पैसे खर्च करू नयेत. स्वतः उतरून, स्वतःच्या हाताने पाहावे.

गेजला पिवळी किंवा केशरी कडी असते. ते ओढून बाहेर काढावे आणि स्वच्छ कपड्याने पुसावे. गॅरेजमधले दोरे सुटणारे कॉटन वेस्ट वापरू नये, त्याचा धागा आत गेला तर जाळीत अडकतो. पुसलेले गेज शेवटपर्यंत आत सारावे, पुन्हा काढावे आणि आता वाचावे. पहिल्यांदा काढलेले वाचून उपयोग नाही. त्यावर तेल उडालेले असते. टोकाकडे दोन खुणा असतात, खालची किमान आणि वरची कमाल. कुठे रेघा असतात, कुठे भोके, कुठे मधला भाग खरखरीत जाळीदार केलेला असतो. तेल या दोहोंच्या मध्ये असावे. मालाची गाडी असेल तर मधल्यापेक्षा वर असलेले बरे. गेजच्या एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसले तर कमी दिसते तीच पातळी धरावी.

रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीचेही गेज पाहता येते, तेल तेव्हा पूर्ण खाली उतरलेले असते. काही कंपन्या गरम इंजिनावरच पाहायला सांगतात, तिथे पुस्तक सांगते ते करावे. मात्र जी पद्धत धराल तीच दर वेळी धरा. एकदा गरम, एकदा थंड असे केल्यास मागच्या आठवड्याशी तुलना होत नाही.

दिवस कोणता? मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. इतर ठिकाणीही आपले बरेच बांधव जुम्याच्या नमाजासाठी त्या दिवशी दुपारी धंदा आवरतात. जुम्याची सकाळ ही गेज पाहण्यास चांगली वेळ आहे. गाडी रात्रभर उभी असते आणि वार ठरलेला असला की विसर पडत नाही. रमजानच्या शेवटच्या पंधरवड्यात, जेव्हा बाजारासाठी गाडी दिवसा आणि रात्रीही धावते, तेव्हा आठवड्यातून दोनदा पाहावे. माल भरून घाट उतरायचा वा चढायचा असेल तर निघण्यापूर्वी पाहावेच.

तेलाच्या रंगावरून

डिझेल गाडीचे तेल बदलल्यानंतर काही दिवसांतच काळे पडते. याचा अर्थ ते खराब झाले असा नाही. काजळी स्वतःत धरणे हे त्याचे कामच आहे. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत काजळी फारच थोडी धरते, त्यामुळे मुदत संपलेले तेलही स्वच्छ, मधासारखे दिसू शकते. तेव्हा रंगावर विसंबून "अजून चांगले आहे" म्हणत तेल बदलण्याची मुदत पुढे ढकलू नये.

दोन गोष्टी दिसल्या तर मात्र गाडी पुढे नेऊ नये. पहिली, गेजवर दुधाच्या कॉफीसारखे फेसाळ तेल. त्याचा अर्थ रेडिएटरचे पाणी तेलात मिसळते आहे, बहुधा हेड गॅसकेट गेले आहे. पावसाळ्यात जवळच्या जवळ धावणाऱ्या गाडीत तेल भरण्याच्या झाकणाखाली थोडासा पांढरट थर येतो, तो बाष्पाचा असतो व लांब पल्ल्याला गेल्यावर जातो. गेजवरचे तेल तसे दिसले तर प्रकरण गंभीर आहे. दुसरी गोष्ट म्हणजे न भरता पातळी वाढणे. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत धुराड्यातील काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी जादा डिझेल फवारले जाते. गाडी सतत गल्लीबोळात, थांबत थांबत चालली तर त्यातले काही डिझेल रिंगांवरून उतरून चेंबरमध्ये येते. तेल पातळ होते आणि गेजवर पातळी चढते. मालक खूश होतो की गाडी तेल खात नाही! वस्तुतः अशा वेळी तेल बदलणे आवश्यक असते. अशा गाडीला अधूनमधून हमरस्त्यावर एका चालीने अर्धा तास चालवून आणावे.

भरताना घाई नको

बहुतेक मोटारींत गेजच्या किमान आणि कमाल खुणांमधले अंतर सुमारे एक लिटरचे असते, लहान इंजिनात थोडे कमी. म्हणजे पातळी मध्यावर असेल तर अर्धा लिटर पुरे. अख्खा डबा रिकामा करायचे काही कारण नाही. इंजिनावर जे झाकण असते त्याच्या भोवतीची धूळ आधी पुसावी, मग झाकण काढावे, स्वच्छ नरसाळे लावून पाव लिटर तेल ओतावे. पाच मिनिटे थांबून गेज पाहावे. कमी वाटले तर पुन्हा थोडे. गेजच्या भोकातून तेल ओतण्याचा प्रयत्न करू नये. शेवटी झाकण घट्ट लावले की नाही ते हाताने तपासावे, पुसायचे फडके इंजिनवर विसरू नये. गरम धुराड्यावर पडलेले फडके पेट घेते.

"थोडे जास्तच असू दे, पुढच्या महिन्याची चिंता नको," असे म्हणून कमाल खुणेच्या वर तेल भरणारे पुष्कळ आहेत. हे कमी तेलाइतकेच वाईट. पातळी फार चढली की फिरता क्रँक तेलात आपटू लागतो, ताक घुसळावे तसा तेलाचा फेस होतो. फेसात हवा असते आणि हवेचा पडदा शाफ्टला तरंगत ठेवत नाही. दाब वाढून सील गळू लागतात, ब्रीदरच्या नळीतून तेल एअर फिल्टरमध्ये जाते, निळा धूर निघतो. डिझेल इंजिन तर त्या मार्गाने आलेले तेलच इंधन म्हणून जाळत चावी बंद केल्यावरही धावत राहू शकते. जास्त पडलेच तर तळाचा नट ढिला करून जादा तेल काढून टाकावे. गॅरेजवाल्याला ते दोन मिनिटांचे काम आहे.

कोणते तेल?

डब्यावर २०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला दाटपणा सांगतो, नंतरचा गरम इंजिनातला. जुन्या फियाट-अॅम्बॅसडरच्या काळात २०डब्ल्यू-४० सर्रास चाले. आजच्या बऱ्याच पेट्रोल मोटारींना ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० सारखे पातळ तेल लागते, कारण त्यांच्या बेअरिंगमधल्या फटी आणि तेलाच्या वाटा त्याच मापाने बनविलेल्या असतात. "आपल्याकडे गरमी जास्त, गाढे तेल घाला" हा सल्ला त्यांना लागू नाही. थंड इंजिन सकाळी सुरू होते त्या पहिल्या काही सेकंदांत गाढे तेल वरपर्यंत लवकर पोहोचत नाही. दुसरी खूण एपीआयची. एस अक्षराने सुरू होणारी श्रेणी पेट्रोलसाठी, सीने सुरू होणारी डिझेलसाठी. काजळीचा फिल्टर असलेल्या डिझेल गाडीला कमी राखेचे वेगळे तेल लागते, साधे घातले तर तो महागडा फिल्टर तुंबतो. मोटारसायकलचे तेल वेगळे असते, तिचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. घरात दोन्ही वाहने आहेत म्हणून एकच डबा दोघांना वापरू नये.

एका कंपनीच्या तेलात दुसरीचे मिसळले तर दही होते, असे पुष्कळांचे मत आहे. तसे होत नाही. त्याच आकड्याचे आणि त्याच श्रेणीचे दुसऱ्या कंपनीचे तेल अडचणीच्या वेळी खुशाल घालावे. रस्त्यात तेच न मिळाल्यास जवळपासच्या आकड्याचे घालून घर गाठावे आणि नंतर बदलून घ्यावे. रिकाम्या चेंबरने गाडी चालविण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. त्याहून सोपे म्हणजे योग्य तेलाचा एक लिटरचा डबा सदैव गाडीत ठेवणे.

बनावट तेल आणि आपले बांधव

येथे थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. जळालेले तेल गाळून, रसायनाने उजळवून, नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरून विकण्याचा उद्योग बाजारात चालतो. दिसायला ते नव्यासारखे असते, पण त्यातील मूळ गुणद्रव्ये संपलेली असतात. हा डबा आपल्या गाडीत येऊ नये म्हणून सील, किंमत, बॅच नंबर व तारीख पाहावी, पक्के बिल घ्यावे, फार स्वस्त देणाऱ्यापासून आणि पिंपातल्या सुट्या तेलापासून दूर राहावे. तेल संपल्यावर रिकाम्या डब्याला खिळ्याने दोन भोके पाडून मगच तो भंगारात द्यावा.

गॅरेज, स्पेअर पार्ट्स आणि भंगार या तिन्ही धंद्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. त्यातील बहुसंख्य मेहनतीची, हलाल रोजी कमावतात. परंतु रिकामे डबे जादा भावाने कोण विकत घेतो आणि का घेतो, हे भंगारवाल्याला ठाऊक नसते असे म्हणता येणार नाही. आदरणीय पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतील ओल बाहेर दाखविली, तो प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. वरून कोरडे आणि आतून ओले धान्य, वरून सीलबंद आणि आतून जळके तेल, यांत फरक तो काय? मापात कमी देणाऱ्यांसाठी सूरह अल-मुतफ्फिफीन उतरली. अर्धा डबा ओतून पूर्ण डब्याचे पैसे लावणाऱ्या आणि उरलेले तेल बाजूला ठेवणाऱ्या गॅरेजवाल्यानेही ती आठवावी. गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्या हातातील अमानत आहे. भरलेल्या डब्याचे सील गिऱ्हाइकासमोर फोडणारा आणि उरलेले तेल त्याच्याच डिकीत ठेवणारा मेस्त्री एकही जाहिरात न करता चालतो, हा बाजारातला अनुभव आहे.

जळके तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली ते येते आणि परवानाधारक शुद्धीकरणवाल्यालाच ते देता येते. त्याचे पैसेही मिळतात.

ड्रायव्हर, मालक आणि एक वही

गाडी दोन भावांची सामायिक असली किंवा पगारी ड्रायव्हरच्या हाती असली की तेल कोणाचेच नसते. थोरला समजतो धाकट्याने पाहिले, मालक समजतो ड्रायव्हर पाहतो. ड्रायव्हरने "शेठ, ऑइल कमी आहे" म्हटले की शेठ त्याच्यावरच संशय घेतो, तेलाच्या पैशात काही तरी मारत असेल म्हणून. दोनदा असे ऐकल्यावर तो सांगणे सोडून देतो. इंजिन जाम झाल्यावर मग त्याचा पगार कापला जातो. माझ्या मते यात निम्म्याहून अधिक चूक मालकाची असते.

उपाय साधा आहे. गाडीत दहा रुपयांची एक वही ठेवावी. दर जुम्याला तारीख, किलोमीटर, गेजवरची पातळी आणि किती मिलिलिटर भरले एवढेच लिहावे. खाली ड्रायव्हरची सही. महिन्यातून एकदा मालकाने स्वतः गेज ओढून वहीशी ताडून पाहावे. तीन महिन्यांत आपली गाडी हजार किलोमीटरला किती तेल खाते तो आकडा हाती येतो. तो आकडा स्थिर असेल तर जुन्या गाडीनेही घाबरू नये, भरत राहावे. आकडा दुप्पट झाला, दोनशेचा चारशे झाला, तर तेल कुठे जाते ते शोधावे.

शोध घरापासून सुरू करावा. रात्री इंजिनखाली कोरडा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग पडला असेल तर गळती आहे, आणि डाग कुठे आहे त्यावरून तळाचा नट, फिल्टर, टॅपेट कव्हरचे पॅकिंग की क्रँकचा सील हे उस्तादला कळते. यातली पहिली तीन कामे स्वस्तातली आहेत. पुठ्ठा कोरडा राहिला तर इंजिन तेल जाळते आहे. सकाळी सुरू करताना निळ्या धुराचा एकच झोत येऊन थांबत असेल, किंवा लांब उतार संपवून अॅक्सिलरेटर दाबताच धूर येत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यावा. माल भरून चढ चढताना सतत धूर येत असेल तर रिंग झिजलेल्या असू शकतात. रिंग म्हटले की गॅरेजवाला 'हाफ इंजिन'चे काम सांगेल. त्याला होकार देण्यापूर्वी ब्रीदरची नळी आणि तिचा व्हॉल्व्ह साफ करून घ्यावा. तो तुंबला की चेंबरमधील दाब तेलाला बाहेर ढकलतो आणि इंजिन झिजल्यासारखे दिसते. साफ केल्यावर हजार किलोमीटर गाडी चालवून वहीतला नवा आकडा पाहावा, आणि इंजिन उघडायचे की नाही ते त्यानंतर ठरवावे.